समरच्या पाल्याची शाई

१

मंगळवार, ३० जुलै २०१३. सकाळी साडेआठला हुसैनचाचांचा फोन आला. मी ओमानमधल्या खाबुऱ्याला होतो. अर्बाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, खजुराच्या बागेला फाटक बसवत होतो. वेल्डिंगच्या आवाजात पहिले दोन फोन ऐकू आले नाहीत. तिसरा घेतला.

"बाळू, कुठं आहेस? खाली बस."

"चाचा, काम चालू आहे. बोला."

"वसुंधरा गेली रे. चाऱ्याच्या कंटेनरमध्ये. आता सकाळी मी दार उघडलं तर..."

वसुंधरा माझी बायको. आम्ही राहायचो त्या सूर शहराच्या बाहेर अर्बाबनं हौसेनं पाळलेली हरणं होती. त्यांचं दवापाणी ती बघायची. जनावरांच्या डॉक्टरकीचा तिचा डिप्लोमा होता. मी त्याच अर्बाबकडं फॅब्रिकेशनला. फाटकं, जाळ्या, पत्र्याच्या शेड, सगळं माझ्या हातचं. हुसैनचाचा रत्नागिरीचे, फार्मवर स्टोअरकीपर.

सूरला पोचायला दुपार झाली. तोवर तिला हॉस्पिटलात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, उष्णता. आदल्या दिवशी अठ्ठेचाळीस डिग्री होतं, पत्र्याच्या आत त्याहून किती तरी जास्त. दुपारीच गेली असावी.

हवालदार महमूद सूरचाच. त्यानं मला एक प्लास्टिकची पिशवी दिली. आत ओढणी, चष्मा, चपला, स्टीलचा एक पेला आणि गंजलेले तीन खिळे. मोबाईल खोलीत चार्जिंगला सापडला होता.

"वाऱ्यानं दार लागलं असणार," तो हिंदीत म्हणाला. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, "ईदची तयारी केली होती तिनं. मेंदी लावलेली. माझी बायकोपण अशीच काळी लावते, बोटांच्या टोकांना."

मी चादर बाजूला करून हात बघितले. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं काळी होती.

वसुंधरेनं लग्नानंतर एकदाही मेंदी लावली नव्हती.

२

त्याच दिवशी चार वाजता मी कंटेनर बघायला गेलो.

ते दार मी बनवलं होतं. आधी साधी कडी होती, ती बकऱ्या नाकानं उघडायच्या. म्हणून मी जाड पट्टी लावली. ती दोन्ही हातांनी उचलायची, पुढं ढकलायची, मग खाली खाचेत बसवायची. बकरीला जमत नाही. वाऱ्याला तर नाहीच.

मी ती पट्टी दहा वेळा वर उभी करून दार जोरात आपटलं. एकदाही ती खाचेत बसली नाही. कुणीतरी बाहेर उभं राहून ती बसवली होती.

आतून दाराच्या पत्र्यावर काळी बोटं उमटली होती. खांद्याच्या उंचीला बरीच. खाली खाली कमी. अगदी तळाशी एक.

बाकी कंटेनर रिकामा होता. लसूणघासाची एक काडी नाही. कोपऱ्यात माझ्याच कामातून उरलेल्या खिळ्यांचा डबा, गंजलेला. मधोमध धुळीत दोन गोल खुणा होत्या, शेजारी शेजारी, पेल्याच्या बुडाएवढ्या. एका खुणेपासून दारापर्यंत तपकिरी ओघळ वाळला होता.

खुणा दोन होत्या. पिशवीत पेला एक होता.

हुसैनचाचा बाहेर वाळूत बसले होते. रोजा होता, ओठ सुकलेले.

"चाचा, काल दुपारी तुम्ही कुठं होता?"

"खोलीत. जुहरची नमाज पढलो आणि आडवा झालो. रमजानात बारानंतर इथं कोण जागं असतं?"

"रविवारी तुमचं आणि तिचं भांडण झालं होतं ना?"

त्यांनी वर बघितलं. "हो, झालं. मला म्हणाली, चाचा, हरणांच्या तोंडचा घास कुणाला दिलात? मी म्हटलं, पोरी, तीन आठवडे माल आलाच नाही तर मी काय माझी दाढी कापून घालू? मॅनेजर धनंजयसाहेबांनी बंद केलाय, त्यांना विचार. म्हणून मी तिला कोंडली असं म्हणायचंय तुला?"

"मी फक्त विचारतोय."

"विचार. तुझा हक्क आहे." त्यांनी कंटेनरकडं बघितलं. "बाळू, मी आवाज ऐकला."

"कसला?"

"पत्र्याचा. धाड धाड. उन्हात कंटेनर वाजतो, तुलाही ठाऊक आहे. मी कूस बदलली. बराच वेळ वाजत होता. मग थांबला. मला वाटलं, ऊन उतरलं."

३

गुरुवारी कंपनीचं पत्र आलं. मस्कतच्या अल् खुवैरच्या ऑफिसातून, मॅनेजर धनंजयसाहेबांच्या सहीचं. वर दोन ओळी दुःखाच्या. खाली लिहिलं होतं की जून-जुलैमध्ये चौदा हरणं मेली ती मॅडमनी जंतांचं चुकीचं औषध दिल्यामुळं, आणि कंटेनरमध्ये एकट्या जाणं हा त्यांचाच निष्काळजीपणा. फाईल बंद.

बावीस हरणं होती, आठ उरली होती. प्रत्येक मेलेलं हरिण तिनं स्वतः कापून बघितलं होतं. मला सांगायची, "पोटं भरलेली आहेत हो. गच्च पाला. आणि अंगावर मांस नाही. भरल्या पोटानं उपाशी मेलीत."

आता तिच्या नावावर चौदा हरणं लागली होती आणि ती स्वतः. तिचं नाव या कागदातून काढायचं, एवढंच मला करायचं होतं. कसं, ते माहीत नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. चहाला पेला काढला. आमच्या लग्नात तिच्या मामानं सहा पेले दिले होते, प्रत्येकावर माझं नाव घालून. "चि. बाळकृष्ण." ती चिडवायची, पेले माझ्या मामाचे आणि नाव तुमचं. फळीवर चार होते. पाचवा पिशवीत. सहावा नव्हता.

पिशवीतल्या पेल्याच्या बुडाशी पाला वाळला होता. समरचा. समर म्हणजे इथली काटेरी बाभूळ, फार्मवर तीच आहे. पेल्याला आतून पुसट राखाडी डाग होता.

मग मला विळी दिसली. वसुंधरा केळफूल चिरायची तेव्हा विळीचं पातं काळं पडायचं, तिची बोटंही. मी एकदा विचारलं होतं, ही कसली शाई?

"केळफूल तुरट असतं ना. तुरट रसाला लोखंड लागलं की काळं होतं. जितकं तुरट तितकं काळं."

"आणि ताकात का टाकतेस?"

"ताक तो तुरटपणा धरून ठेवतं. नाही तर तो तुमच्या पोटातल्या अन्नाला धरील. खाल्लेलं अंगी लागणार नाही."

मी तसाच फार्मवर गेलो. कुंपणाच्या बाहेरच्या समरचा मूठभर पाला ओरबाडला. आतल्या समरचाही. दोन वेगळ्या कपात गरम पाण्यात कुस्करला. दोन्हींत तिच्या पिशवीतले खिळे टाकले आणि बसून राहिलो.

बाहेरच्या झाडाचं पाणी राखाडी झालं. आतल्या झाडाचं पाणी लिहिता येईल इतकं काळं झालं. माझी बोटं काळी झाली. तिच्यासारखीच.

तेव्हा मला तिचा रविवारचा फोन पूर्ण कळला. मी खाबुऱ्यात होतो. ती म्हणाली होती, "झाडाला पळता येत नाही. म्हणून हरणानं ओरबाडलं की ते पाल्यात तुरटपणा वाढवतं. मोकळं हरिण चार घास खातं, कडू लागलं की पुढच्या झाडाकडं जातं. इथं पुढचं झाडच नाही. तुम्ही जूनमध्ये जाळी आत घेतलीत, अर्धी जागा केलीत. वर चारा बंद. तीच झाडं, तीच ओरबाडायची. झाडं मारताहेत त्यांना. या आणि जाळी कापा."

मी म्हटलं, "जाळी धनंजयसाहेबांनी घालायला सांगितली. त्यांची परवानगी आण, मग कापतो."

"वीस मिनिटांचं काम आहे तुमचं."

"झाडं कुठं हरणं मारतात, वसू? उगाच काहीतरी."

मग म्हणाली, "बरं. तुम्हाला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी करते."

दोन पेले, माझ्या नावाचे. ती मला दाखवणार होती.

४

सोमवारी फार्मवर बाहेरून येणारा माणूस एकच, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर रामकृष्ण. तेलंगणाचा. सोमवारी आणि गुरुवारी येतो. त्या गुरुवारी संध्याकाळी मी त्याला त्याच्या खोलीवर गाठलं. एका खोलीत सहा माणसं, पाच बाहेर गेली होती.

"बैठो भय्या. बहुत बुरा हुआ," तो म्हणाला आणि पाणी आणायला वळला.

"सोमवारी तू कुणाला बघितलंस?" मी हिंदीतच विचारलं.

"किसी को नहीं. टाकी भरी, चला गया."

"किती वाजता?"

"एक, सव्वा एक. रोजेका टाइम, सब सोया हुआ."

"मग तू काय करत होतास?"

तो ओशाळून हसला. "पानी पी रहा था. टँकर के पीछे छुपके. रोजेदारों के सामने कैसे पियें? पुलिस भी पकडती. इतने में साहब आया, तो और अंदर सरका."

"कोण साहेब?"

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

"भय्या, मेरा वीजा उसी अर्बाब का है."

"माझाही आहे. कोण साहेब?"

"धनंजयसाहब. जल्दी में था. मेरे नल पे हाथ धोया. सफेद कमीज, बाही पे चाय जैसा दाग था. पानी लगाया तो काला हो गया. एकदम काला. गाली दिया, फिर मुझे देखा. बोला, पेन फूट गया. गाडी में बैठा, गया."

धनंजयसाहेबांनी पोलिसांना लिहून दिलं होतं की सोमवारी ते दिवसभर मस्कतमध्ये होते.

"पेन होतं का त्याच्याकडं?"

"पेन नहीं देखा. हाथ में गिलास था. वो फेंक दिया झाडी में. अच्छा गिलास, भय्या, स्टील का. मैंने उठा लिया." आणि त्यानं पाणी माझ्यापुढं धरलं.

रामकृष्णला मराठी वाचता येत नाही. पेल्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी लिहिलं होतं, चि. बाळकृष्ण.

मी पाणी प्यायलो. मग पेला मागून घेतला.

५

अल् खुवैरचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. मी रविवारी सकाळी गेलो. धनंजयसाहेब कोल्हापूरचे, पन्नाशीचे, नेहमी पांढऱ्या शर्टात. मला बघून उठून उभे राहिले.

"बाळकृष्ण, ये. तुझ्या तिकिटाचं बघतोच आहे मी. बॉडी पाठवायचे कागदही होतील."

मी पेला त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"तुम्ही सोमवारी टँकरजवळ टाकलेला पेला. माझ्या घरचा."

"मी सोमवारी इथं होतो."

"साहेब, मी शिकलेला नाही. मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. चुकलं तर सांगा. कंटेनरात दोन पेले होते. एकात कुंपणाबाहेरचा पाला, त्यात तिनं खिळे टाकले, तो फिका राहिला. तो तिच्याजवळ सापडला. दुसऱ्यात आतला पाला. त्यात खिळे टाकायच्या आधी कुणीतरी तो हिसकावून घेतला. त्याचा ओघळ दारापर्यंत गेलाय, तपकिरी, चहासारखा. तो ज्याच्या बाहीवर सांडला त्यानं बाही टँकरच्या पाण्यानं धुतली. तो टँकर आतून गंजलाय. तुरट रसाला लोखंड लागलं की काळं होतं. पेनाची शाई धुतल्यावर फिकी होते, साहेब. धुतल्यावर काळी होणारी शाई एकच."

ते बसले. एसीचा आवाज येत होता.

"रामकृष्णनं सांगितलं?"

मी पेला त्यांच्याकडं थोडा सरकवला.

"अर्बाब दोनला फार्मवर येणार होते," ते सावकाश म्हणाले. "पाहुणे घेऊन. हरणं रानटी दिसली पाहिजेत, झाडाचं खाताना दिसली पाहिजेत, हे मीच त्यांना कबूल केलं होतं. चारा मीच बंद केला, जागा मीच कमी करायला लावली, म्हणजे पाहुण्यांना जवळून दिसतील. तुझी बायको म्हणाली, मी अर्बाबना पेले दाखवते. पाहुण्यांसमोर. मी म्हटलं, मॅडम, ईदनंतर बोलू. ऐकेना. पेला घेतला, बाहेर आलो, पट्टी टाकली."

"किती वेळासाठी?"

"तासभर. पाहुणे जाईपर्यंत. हुसैनला सांगणार होतो उघडायला. पाहुण्यांना आणायला चाललो होतो, रस्त्यात फोन आला की अर्बाब येत नाहीत, मस्कतला या, मिटिंग आहे. मी तसाच निघालो."

"आणि मग?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. खोटं बोलावं की नाही याचा विचार करत असावेत.

"विसरलो."

मी उभाच होतो. ते पुढं म्हणाले, आणि आवाज बदलला, "तू आता माझ्याकडं असा बघू नकोस. दार लावताना तिला मी म्हटलं, कुणाला दाखवणार आहेस हा काढा? तर म्हणाली, अर्बाब नाही तर माझा नवरा, तो जाळी कापील. मी हसलो. म्हटलं, मॅडम, तुमचा नवरा मला विचारल्याशिवाय खिळा ठोकत नाही. खरं होतं ना?"

खरं होतं.

६

मी हवालदार महमूदला सगळं सांगितलं. त्यानं कंटेनर बघितला, पट्टी उचलून बसवून बघितली, दाराच्या आतली बोटं बघितली. "मेंदी नव्हती," एवढंच म्हणाला आणि फार्मला सील लावलं.

अर्बाबना कळलं तेव्हा त्यांनी एकच शब्द वापरला, खलास. माझ्यासाठी नाही, धनंजयसाहेबांसाठी. पोलिसांनी बोलवायच्या आत, ईदच्या आदल्या दिवशी, त्यांना विमानात बसवलं. घरची गोष्ट घरात मिटली. रामकृष्णनं जबाब दिला नाही. मी पुन्हा गेलो तर म्हणाला, "भय्या, मैंने गिलास दिया ना." शर्ट कुणी शोधला नाही. हुसैनचाचांनी मात्र जबाब दिला, आवाज ऐकल्याचासुद्धा. त्याची काही गरज नव्हती. आता ते दुपारी झोपत नाहीत.

वसुंधरेला गावी नेऊन मी परत आलो. कंपनीच्या फाईलमध्ये ते पत्र अजून आहे. चुकीचं औषध, निष्काळजीपणा. नवा मॅनेजर म्हणतो, सही करणारा साहेबच नाही तर पत्र मागं कोण घेणार?

सील असल्यामुळं आत कुणाला जाता येत नाही. हुसैनचाचा जाळीवरून लसूणघास टाकतात, जमेल तेवढा. आठ हरणं होती, त्यातली सहा उरली आहेत. समरची झाडं हिरवीगार दिसतात.

जाळी कापायला परवानगी मिळावी म्हणून मी अर्ज दिला आहे, पोलिसांना एक आणि अर्बाबना एक. दोन महिने झाले. कापायचा ग्राइंडर गाडीतच असतो.

जाळी अजून कापलेली नाही.